दोन पाकळ्यांची झडप : एकाला निघाली, तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करा

शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते. डॉक्टर मुलाच्या छातीला नळी लावतात आणि चिठ्ठी देतात, "हृदयाचा आवाज वेगळा येतो, इको करून घ्या." मुलगा तर धावतो, खेळतो, म्हणून आपण ती चिठ्ठी फळीवर ठेवून देतो. बंधू-भगिनींनो, तसे करू नका.

हृदयातून शरीरभर रक्त नेणारी मोठी नळी म्हणजे महाधमनी. तिच्या तोंडाशी असलेली झडप रक्त पुढे जाऊ देते, मागे फिरू देत नाही. या झडपेला तीन पाकळ्या असतात. पण शंभरातल्या एक-दोघांना जन्मापासून दोनच असतात. हे प्रमाण बायांपेक्षा पुरुषांत जास्त आहे. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून हे होत नाही. आईला दोष देऊ नका.

दोन पाकळ्यांवर ताण जास्त पडतो. वर्षे जातात तशा त्या जाड, कडक होतात किंवा रक्त मागे गळू लागते. काहींची महाधमनीच फुगत जाते आणि फार फुगली तर फाटू शकते. त्रास बहुधा उशिरा, चाळिशी-पन्नाशीत जाणवतो. रोवणी करताना धाप लागते, छातीत दुखते, भोवळ येते. आपण त्याला अशक्तपणा समजतो.

मग आयुष्य संपले का? नाही. अमेरिकेतल्या ओल्मस्टेड काउंटीत अशा २१२ जणांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले गेले. निदानाच्या वेळी त्यांना त्रास नव्हता, झडपही फारशी बिघडली नव्हती. २००८ साली निष्कर्ष आला : वीस वर्षांनंतर सुमारे ९० टक्के लोक जिवंत होते, म्हणजे इतर माणसांइतकेच. मात्र साधारण चारातल्या एकाला शस्त्रक्रिया लागली. म्हणून वेळोवेळी तपासणी हवीच.

दुसरी गोष्ट, हा दोष घराण्यात चालतो. एकाला असेल तर त्याच्या आईवडील, भावंडे, मुले यांच्यात साधारण दहातल्या एकाला तो सापडतो. त्यांना काहीच त्रास नसला तरी एकदा इको करावा. ही सोनोग्राफीसारखीच तपासणी आहे. सुई नाही, दुखत नाही.

काय करावे?

* आशाताईंना सांगा, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवा. पुढच्या उपचारासाठी नागपूरच्या मेडिकलचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे.
* अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. मोठ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत न्या.
* रक्तदाब तपासत राहा. खर्रा, बिडी सोडा. दात-हिरड्या स्वच्छ ठेवा, कारण तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर बसू शकतात.
* दोष असलेल्या बाईने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारावे.
* फार जड ओझे उचलण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

फळीवरची चिठ्ठी आजच काढा. आणि दवाखान्यात एकट्या मुलाला नाही, भावंडांनाही सोबत न्या.