पाइपात मुक्कामाला राहिलेलं पाणी

जुलै १९७६मध्ये फिलाडेल्फियातल्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकेच्या माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं. त्यानंतर न्यूमोनियाची साथ पसरली आणि ३४ जण दगावले. जानेवारी १९७७मध्ये जोसेफ मॅकडेड यांनी त्यामागचा जिवाणू शोधून काढला. त्याला ‘लिजिओनेला’ हे नाव मिळालं. हा जिवाणू नद्या-तळ्यांतही असतो, पण तिथे त्याची संख्या सहसा थोडी असते. त्याला फोफावायला जागा मिळते ती इमारतींत. म्हणूनच पालिकेनं शुद्ध पाणी दिलं की काम संपलं, हा समज अपुरा आहे. ते पाणी इमारतीत किती वेळ आणि किती तापमानाला राहतं, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

कमी वापराच्या पाइपात पाणी साचून राहिलं की त्यातलं क्लोरिन हळूहळू संपतं. पाइपाच्या आतून बुळबुळीत थर धरतो. लिजिओनेला त्या थरात आणि तिथल्या अमीबांच्या पोटात सुरक्षित राहतो. त्यामुळे नुसता क्लोरिनचा डोस वाढवून तो मुळापासून जात नाही. साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसचं कोमट पाणी त्याला मानवतं. ५० अंशांना त्यातले बहुतेक जिवाणू मरायला तास-दोन तास लागतात, तर ६० अंशांना काही मिनिटं पुरतात. म्हणून मोठ्या इमारतींत गरम पाणी ६० अंशांना साठवावं, थंड पाणी २० अंशांखाली ठेवावं आणि बंद पडलेले पाइप कापून टाकावेत, असं तज्ज्ञ सांगतात.

इतक्या गरम पाण्यानं भाजेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे टाकीचं तापमान न उतरवता नळाजवळ गरम-थंड मिसळणारी झडप बसवणं. विजेचा खर्च वाढेल हेही खरं; पण गरजेपुरती लहान टाकी आणि पाइपांना उष्णतारोधक वेष्टन यांनी तो आटोक्यात राहतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं ‘थंड’ पाणीही २० अंशांखाली राहत नाही. त्यामुळे पाणी खेळतं ठेवणं आणि टाकी वेळोवेळी धुणं याला इथे अधिक महत्त्व येतं.

हा आजार सहसा पाणी पिऊन होत नाही. पाण्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यानं होतो. वृद्धांना, धूम्रपान करणाऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्याचा धोका अधिक. म्हणून बरेच दिवस बंद असलेलं घर उघडाल, तेव्हा शॉवरखाली उभं राहण्याआधी साचलेलं पाणी तुषार न उडवता सावकाश वाहून जाऊ द्या.