लघुपट महाविद्यालयाच्या दारी

डोंबिवलीहून रोज लोकल पकडणाऱ्या आपणांस समोरच्या बाकावरचा चेहरा ओळखीचा असतो. मन मात्र अनोळखीच राहते. फराझ आरिफ अन्सारी यांचा 'सिसक' (२०१७) हा लघुपट मुंबईच्या अशाच लोकलमध्ये घडतो. दोन पुरुष एकमेकांकडे पाहतात, मनाने गुंततात. पण साऱ्या लघुपटात एकही संवाद नाही. तो तयार झाला तेव्हा कलम ३७७ अन्वये समलिंगी संबंध हा गुन्हा होता. त्या मौनाचे कारण वेगळे सांगावयास नको.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीने असलेले खाजगी संबंध त्या कलमातून वगळले. कायदा बदलला; घर आणि वर्ग बदलावयास वेळ लागतो.

श्रीधर रंगायन यांनी २०१० साली मुंबईत समलिंगी व तृतीयपंथी जीवनावरील चित्रपटांचा 'कशिश' महोत्सव सुरू केला. पुढे 'कशिश फॉरवर्ड' या नावाने निवडक लघुपट महाविद्यालयांतूनही दाखविण्यात आले. याचे महत्त्व मोठे आहे. महोत्सवास जायचे तर घरी कारण सांगावे लागते. ज्याने स्वतःविषयी अजून कुणालाच सांगितलेले नाही, त्याला ते अवघड. महाविद्यालयाच्या सभागृहात मात्र तो चारचौघांसारखा बसू शकतो. पडदा, प्रोजेक्टर आणि अंधार करता येणारी खोली एवढ्यावर काम भागते.

असा कार्यक्रम ठाणे-कल्याण परिसरातील महाविद्यालयांनीही जरूर योजावा. मात्र मित्रहो, एखाद्या प्रसंगी अंधारात आपल्याला हसू फुटले, तर ते शेजारचा मित्रही ऐकत असतो, एवढे ध्यानी असू द्यावे.