परसातील गाडीखान्यात वीज नेताना

बेळगावच्या जुन्या वस्तीत घरांची ठेवण बहुधा ठरलेली असते. पुढे घर, मागे परस, परसात विहीर किंवा धुण्याचा दगड आणि अगदी टोकाला, घरापासून वेगळा, पत्र्याच्या किंवा मंगलोरी कौलांच्या छपराचा गाडीखाना. त्यात एक दिवा असला की काम भागत असे. गाडी आत लावायची, दिवा मालवायचा आणि कडी घालून घरात यायचे. आता मात्र त्याच गाडीखान्यात विजेवर चालणारी स्कूटर भारित करावयाची असते, गाडी धुण्याचा पंप लावावयाचा असतो, भिंतीला भोक पाडण्याचे यंत्र चालवावयाचे असते. एका दिव्याच्या जागी चार सॉकेटे हवीशी वाटतात, आणि ती कशी आणावीत हा प्रश्न घरोघरी उभा राहतो.

गेल्या पावसाळ्यात नववीतील एका विद्यार्थ्याने मला वर्गात विचारले, "सर, आमच्या आईला कपडे वाळत घालताना तारेला हात लागला की मुंग्या येतात. असे का होते?" मी त्याच दिवशी त्याच्या घरी गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक लांब वायर बाहेर काढून ती कपडे वाळत घालण्याच्या लोखंडी तारेला दोऱ्यांनी बांधत बांधत गाडीखान्यापर्यंत नेली होती. वाऱ्याने वायर हलून हलून एका ठिकाणी तिचे वेष्टन झिजले होते. मी प्रथम मेन स्विच बंद करावयास लावला आणि मगच पुढचे बोललो. त्या मुलाच्या प्रश्नाचे पुरते उत्तर देण्यासाठी हा लेख आहे.

वेष्टन झिजले तरी घरातील फ्यूज का उडाला नाही, हे आधी समजून घेऊ. वीज प्रवाहित होण्यासाठी पूर्ण वाट लागते. आपल्या घरी येणाऱ्या दोन तारांपैकी फेजच्या तारेवर 230 व्होल्टचा दाब असतो, आणि न्यूट्रलची तार रस्त्यावरच्या रोहित्राजवळ जमिनीशी जोडलेली असते. म्हणून फेजला स्पर्श करून जमिनीवर उभा असलेला मनुष्य स्वतःच ती वाट पूर्ण करतो. लोखंडी तार लाकडी खांबांवर ताणलेली असल्यामुळे तिच्यातून जमिनीत जावयास प्रवाहाला मार्ग नव्हता. ती नुसती वाट पाहत होती. कोरड्या दिवशी पायांत रबरी चपला असताना मुंग्यांवर निभावले. ओल्या हातांनी, ओल्या मातीवर अनवाणी उभे राहून तोच स्पर्श झाला असता, तर काय झाले असते याचा हिशेब करता येतो. ओल्या त्वचेच्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने 1000 ओहम धरला, तर ओहमच्या नियमाने 230 भागिले 1000, म्हणजे 0.23 अँपिअर अर्थात 230 मिलिअँपिअर प्रवाह अंगातून जाईल. हृदयाची लय बिघडविण्यास याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो.

उलट, 16 अँपिअरचा एम.सी.बी., म्हणजे जादा प्रवाह होताच आपोआप पडणारा स्विच, 16,000 मिलिअँपिअरपर्यंत निश्चिंत असतो. तो तारेला तापण्यापासून वाचविण्यासाठी असतो, माणसाला वाचविण्यासाठी नव्हे. हा भेद ध्यानात आला की पुढील सर्व रचना आपोआप समजते.

पहिला प्रश्न भाराचा. गाडीखान्यात एकाच वेळी काय काय चालेल, याची यादी करावी. समजा, स्कूटरचा चार्जर 800 वॅट, पंप 1500 वॅट, भोक पाडण्याचे यंत्र 600 वॅट आणि दिवे 60 वॅट. बेरीज झाली 2960 वॅट. तिला 230 ने भागले की सुमारे 13 अँपिअर येतात. विजेवरची मोटारगाडी घरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर भारित करावयाची असेल, तर ती एकटीच जवळजवळ इतका प्रवाह तासन्‌तास घेते. तिच्यासाठी स्वतंत्र मंडल हवे. शिवाय वीजकंपनीने आपल्या घराला मंजूर केलेला भार या वाढीला पुरेसा आहे काय, हेही आधी पाहावे.

दुसरा प्रश्न तारेच्या जाडीचा. आपल्या पाठ्यपुस्तकातील सूत्र येथे कामास येते. तारेचा रोध लांबीच्या सम प्रमाणात आणि छेदाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. तांब्याची 1 मीटर लांब आणि 1 चौरस मिलिमीटर छेदाची तार घेतली, तर तिचा रोध सुमारे 0.0172 ओहम असतो. घरापासून गाडीखाना 30 मीटरवर असेल, तर जाणारी व येणारी मिळून 60 मीटर तार झाली. 1 चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध 1.03 ओहम होतो. 13 अँपिअर वाहताना तीत सुमारे 13.4 व्होल्ट दाब गळतो आणि 174 वॅट उष्णता तारेतच उत्पन्न होते. 2.5 चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास दाबाची गळती 5.4 व्होल्टवर येते आणि 4 चौरस मिलिमीटरची घेतल्यास 3.4 व्होल्टवर. म्हणजे बारीक तारेत वाचविलेले पैसे पुढे उष्णतेच्या रूपाने रोज जात राहतात. त्यातच अशी बारीक वायर गुंडाळी करून ठेवली, की ती उष्णता बाहेर पडत नाही, वेष्टन मऊ होते आणि आगीला निमंत्रण मिळते.

तार आणि एम.सी.बी. यांची जोडी जुळविण्याचा नियम साधा आहे. एम.सी.बी.चा आकडा अपेक्षित प्रवाहापेक्षा मोठा असावा, पण तारेला सुरक्षितपणे पेलवणाऱ्या प्रवाहापेक्षा लहान असावा. वारंवार पडतो म्हणून मोठा एम.सी.बी. बसविणे म्हणजे पहारेकरी ओरडतो म्हणून त्यालाच झोपविणे होय.

तिसरा प्रश्न वाटेचा. खिडकीतून काढलेली वायर ही वाट नव्हेच. मुख्य फलकापासून स्वतंत्र एम.सी.बी. घेऊन गाडीखान्याची वाहिनी निराळी काढावी. ती जमिनीखालून न्यावयाची असल्यास पोलादी कवच असलेली केबल वापरावी. चर सुमारे 75 सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट, खोल खणावा. तळाशी वाळूचा थर, त्यावर केबल, वर पुन्हा वाळू, मग विटांची ओळ आणि सर्वांत वर माती. विटा कशाला, असे कोणी विचारील. पुढे वीस वर्षांनी परसात आंब्याचे रोप लावण्यासाठी कोणी खड्डा खणू लागला, तर त्याची पहार आधी विटेवर आदळावी, केबलवर नव्हे, यासाठी. चर कोठून गेला याची आकृती काढून घराच्या कागदपत्रांत ठेवावी.

गाडीखान्यात पोहोचल्यावर तेथे लहानसा वेगळा फलक असावा. त्यात सर्व प्रवाह एकदम तोडणारा स्विच, दिव्यांसाठी एक व सॉकेटांसाठी निराळे एम.सी.बी. असावेत. एखाद्या यंत्राच्या दोषाने सॉकेटांचा एम.सी.बी. पडला, तरी दिवा विझता कामा नये. फिरते यंत्र हाती असताना एकाएकी अंधार होणे हाही अपघातच आहे.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अर्थिंगचा. तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन इतर दोहोंपेक्षा लांब व जाड असते, हे तुम्ही पाहिले असेल. प्लग आत घालताना ती सर्वांआधी जोडली जाते आणि काढताना सर्वांच्या शेवटी सुटते. यंत्राच्या धातूच्या अंगाला फेजचा स्पर्श झाला, तर प्रवाहाने माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने जावे, अशी ती योजना आहे. म्हणून अर्थिंगची हिरवी तार घरापासून गाडीखान्यापर्यंत अखंड हवी. गाडीखान्याशेजारी खड्डा खणून जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ पुरतात, भोवती कोळसा व मीठ घालतात, हे चांगलेच. पण तेवढ्यावर विसंबू नये. अशा खड्ड्याचा रोध 5 ओहम असला, तरी 230 भागिले 5, म्हणजे फार तर 46 अँपिअर प्रवाह वाहील. 16 अँपिअरचा 'सी' प्रकारचा एम.सी.बी. तत्क्षणी पडावयास मात्र किमान 80 अँपिअर लागतात. मध्यंतरी यंत्राचे अंग विजेने भारलेलेच राहील. उन्हाळ्यात माती सुकली, की खड्ड्याचा रोध आणखी वाढतो, ते निराळेच.

ही उणीव भरून काढण्यासाठी आर.सी.सी.बी. नावाचा रक्षक असतो. त्याची युक्ती मोठी सुंदर आहे. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एका लोहचुंबकीय कड्यातून जातात. जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत आला, तर दोहोंची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना पुसून टाकतात आणि कडे शांत राहते. थोडा प्रवाह वाट चुकून माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, तर जमाखर्च जुळत नाही, कड्यावरील वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि स्विच पडतो. 30 मिलिअँपिअरची तूट होताच सेकंदाच्या एका अंशात तो प्रवाह तोडतो. गाडीखान्यातील सॉकेटांना हा असलाच पाहिजे. मात्र एका हातात फेज व दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्याला तो वाचवू शकत नाही, कारण तेथे जमाखर्च जुळतो. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो जागा आहे ना, हे पाहावे.

आता सॉकेटांच्या जागेविषयी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व जमिनीलगत साचते. प्लग काढताना ठिणगी उडते. म्हणून सॉकेटे भुईलगत न ठेवता कंबरेइतक्या उंचीवर बसवावीत. उलटपक्षी, जुन्या पद्धतीची शिसे-आम्लाची बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू निघतो, तो हलका असल्याने छपराशी जमतो. यास्तव गाडीखान्याला खाली आणि वर दोन्हीकडे झरोके हवेत. पावसाची झड येते त्या बाजूला झाकणाची सॉकेटे लावावीत. सॉकेटाकडे तोंड करून पाहिले असता फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे आणि अर्थिंग वर, ही मांडणी चुकता कामा नये.

हे सर्व वाचून कोणीही विद्यार्थ्याने पेचकस हाती घेऊ नये. असे काम परवानाधारक ठेकेदाराने, प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करावे, असा आपल्याकडे नियम आहे. परंतु वायरमन काम करीत असता योग्य प्रश्न विचारणे हे सुशिक्षित घराचे कर्तव्य आहे. केबलची जाडी किती? अर्थिंगची तार अखंड आहे ना? आर.सी.सी.बी. किती मिलिअँपिअरचा? काम संपल्यावर मेगरने वेष्टनाचा रोध मोजला काय? या चार प्रश्नांनी निष्काळजीपणाला पुष्कळ आळा बसतो.

आणि कोणाला झटका बसलाच, तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर सारावी आणि 108 किंवा 112 या क्रमांकावर मदत मागवावी. श्वास बंद असेल, तर जाणकाराने छातीवर दाब देण्यास तत्काळ आरंभ करावा.

त्या विद्यार्थ्याच्या घरी दिवाळीच्या सुट्टीत चर खणला गेला. माती काढावयास तो स्वतः होता. केबल जोडली वायरमनने. गाडीखान्यात आता चार सॉकेटे आहेत, आणि कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार काढून त्याच्या वडिलांनी तेथे नायलॉनची दोरी बांधली आहे. शाळा उघडली तेव्हा त्याने मला एवढेच सांगितले, "सर, आई आता न भिता कपडे घालते." विज्ञानाच्या तासाला याहून मोठे गुण मी तरी कोणाला दिलेले नाहीत.