रोह्याचा रूळ आणि पेणचा साचा

रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. तरीही पेणहून रत्नागिरीकडे जाणाऱ्यांना तिथे गाडी बदलावी लागत नाही. का बरे? दोन्हीकडे रुळांमधले अंतर एकच आहे, १६७६ मिलिमीटर.

आता पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात चला. समजा, मालकांनी दहा वर्षांचा हिशेब संगणकात मराठीत लिहिला आहे: कोणाला किती मूर्ती दिल्या, कोणाकडे किती उधारी राहिली. जुना संगणक बिघडला. नव्यावर फाइल उघडली, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी! माहिती शाबूत आहे, पण वाचता येत नाही. ऐन हंगामात उधारी वसूल करायची कशी?

असे का झाले? संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. पुष्कळशा जुन्या मराठी फॉन्टांत रोमन अक्षराच्या आकड्यावर मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. प्रत्येकाची मांडणी निराळी. फॉन्ट गेला की चित्रही गेले. यावर उपाय म्हणजे युनिकोड, १९९१ पासूनचे सर्वांसाठी खुले कोष्टक. त्यात 'प' म्हणजे २३४६, एकाराची मात्रा २३७५ आणि 'ण' २३३९. त्यामुळे 'पेण' कुठल्याही संगणकावर पेणच राहते. संपूर्ण कागदपत्रासाठी असाच समान रूळ आहे, ओपनडॉक्युमेंट. २००६ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याचे नियम कोणालाही वाचता येतात.

आता साच्याकडे वळू. गिऱ्हाइकाला मूर्ती मिळते, साचा मिळत नाही. बऱ्याच आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, अशाच विकल्या जातात. मुक्तस्रोत आज्ञावलीचा मात्र साचाही हाती येतो. लिब्रेऑफिस ही तशीच एक. मुंबईत तयार झालेली ईआरपीनेक्स्ट ही हिशेबाची आणि मालसाठ्याची आज्ञावलीही तशीच. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखानदार तिच्यात हवा तो बदल करून घेऊ शकतो. एका दुरुस्ती करणाऱ्याने दुकान बंद केले, तर दुसरा ते काम पुढे नेतो. अर्थात शिकण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च येतोच. पण आपला हिशेब दुसऱ्याच्या कुलपात अडकत नाही.

करून पाहा: लिब्रेऑफिसमध्ये एक वाक्य लिहून फाइल जतन करा. तिची प्रत काढा, प्रतीच्या नावातले शेवटचे 'ओडीटी' खोडून तिथे 'झिप' लिहा आणि ती उघडा. आत 'कंटेंट' नावाची फाइल दिसेल. ती साध्या मजकूर-संपादकात उघडा. खुणांच्या गर्दीत तुमचे वाक्य सापडते का?