प्राध्यापकी गेली, अभ्यास राहिला

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली मॅट्रिकला पहिला आलेला आणि पुढे फर्ग्युसनमधून पदवीधर झालेला विद्यार्थी गणिताचा प्राध्यापक म्हणून सन्मानाने निवृत्त झाला असता, तर त्यात कोणासही नवल वाटले नसते. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या वाट्यास ते स्वास्थ्य आले नाही. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले व या विषयावर ते उघडपणे लिहू-बोलू लागले. हा प्रचार आणि विल्सन कॉलेजातील नोकरी एकत्र नांदेनात, तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली.

कॉलेजाबाहेर पडलेला हा अभ्यास मग एका मासिकात आला. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कर्व्यांनी पदरमोड करून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. त्यातील वाचकांची पत्रे व त्यांस दिलेली उत्तरे हा भाग सर्वांत मोलाचा. घरात ज्याचा उच्चारही शक्य नव्हता, ते लोक येथे विचारीत. समलिंगी आकर्षणाविषयीही विचारीत. पापपुण्याचा निवाडा न करता कर्वे उत्तर देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते; तरीही दंड झालाच. कर्व्यांचे सारेच विचार आज स्वीकारता येतील असे नाही. सुप्रजननशास्त्रावरील त्यांचा विश्वास तर खटकतोच. परंतु प्रश्न विचारणाऱ्यास त्यांनी कधी गुन्हेगार मानले नाही.

पुण्यात या कामाचा पुढचा टप्पाही विद्यापीठाबाहेरच पडला. संगणक अभियंता बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि समलैंगिकतेवर मराठीत लेखन केले. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांस २०१४ साली मान्यता दिली. प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध २०१८ साली गुन्ह्यातून वगळले. विद्यापीठांनाही आता हा विषय वर्ज्य राहिलेला नाही. २०१७ साली श्रीकांत बोत्रे व डग्लस हेन्स यांनी ‘समाजस्वास्थ्या’तील त्याच पत्रव्यवहारावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

तो इंग्रजीत आहे. मराठी माणसाने मराठीत विचारलेल्या प्रश्नांचा अभ्यास परभाषेत व्हावा, यात संशोधकांचा दोष नाही. उणीव येथील अध्यापनाची आहे. ज्याला कोणाविषयीच लैंगिक आकर्षण वाटत नाही, अशा मुलाने स्वतःविषयी मराठीत वाचायचे म्हटले, तर शिक्षक त्याच्या हाती कोणते पुस्तक देणार? कर्व्यांच्या काळी त्याला निदान एक पत्ता ठाऊक असता.