ब्रेक पेडलाचा कंप (चौचाकी चालनाच्या जुन्या वाहनांतील)

धावत्या वाहनाचा ब्रेक दाबला असता पेडलावरील पायाला जाणवणारी आणि चाकाच्या वेगाबरोबर कमीजास्त होणारी तालबद्ध थरथर म्हणजे ब्रेक पेडलाचा कंप होय. चाके अडकून घसरू नयेत म्हणून ब्रेकच्या द्रवदाबाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण करणारी यंत्रणा (एबीएस) असलेल्या वाहनांत, जोराने ब्रेक लावताना पेडलाला बसणारे जलद ठोके हे ती यंत्रणा कार्य करीत असल्याचे लक्षण असते. विलीज जीप, लँड रोव्हरच्या जुन्या मालिका किंवा १९९६ मध्ये आलेली मारुती जिप्सी किंग यांसारख्या वाहनांत अशी यंत्रणा नाही. त्यामुळे या वाहनांतील कंप हा यांत्रिक दोषच समजावा लागतो.

कंपाचे मूळ पास्कल यांच्या नियमात आहे. बंदिस्त द्रवावर एका टोकास पडलेला दाब जसा दुसऱ्या टोकास पोहोचतो, तसाच तो उलटही येतो. डिस्कची जाडी सर्वत्र सारखी नसेल, तर जाड भाग पॅडांमधून जाताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलला जातो, द्रव मास्टर सिलिंडरकडे परततो आणि पेडल वर उचलले जाते. पातळ भाग येताच ते पुन्हा खाली जाते. कॅलिपरच्या पिस्टनाचे क्षेत्रफळ मास्टर सिलिंडरच्या सहापट व पेडलाच्या तरफेचे गुणोत्तर चार धरल्यास, जाडीतील अवघा ०.०२ मिमी. फरक पेडलाशी सु. ०.५ मिमी. होतो. केसाच्या जाडीहूनही कमी असलेला फरक पायाला स्पष्ट जाणवतो, तो यामुळे. जिप्सी किंगच्या २०५/७० आर १५ मापाच्या टायरचा परीघ सु. २.१ मी. असतो. म्हणजे ताशी ६० किमी. वेगाला चाक सेकंदास सु. आठ फेरे करते. डिस्कवर एकच जाड भाग असल्यास पेडलाला सेकंदास आठ व दोन असल्यास सोळा ठोके बसतात. वेग निम्मा झाल्यावर ठोकेही निम्मे होत असतील, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे, हे निश्चित होते.

असा कंप आढळला की, ‘डिस्क आउट झाली’ किंवा ‘वाकली’ असे निदान कार्यशाळांत सर्रास केले जाते व डिस्क लेथवर घासून दिली जाते. हे निदान बहुधा अपुरे असते. डिस्कचा बाजूस होणारा डोल आणि तिच्या जाडीतील फरक या भिन्न गोष्टी आहेत. तरत्या कॅलिपरमध्ये नुसता डोल असेल, तर कॅलिपरच डिस्कबरोबर डावीउजवीकडे सरकतो आणि द्रवाचे विस्थापन फारसे होत नाही. मात्र डोलणाऱ्या डिस्कचा उंच भाग ब्रेक लावलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात पॅडला चाटून जातो, तेवढीच जागा झिजते आणि काही हजार किलोमीटरांनंतर जाडीतील फरक निर्माण होतो. म्हणून घासलेली वा नवी डिस्क प्रारंभी निर्दोष भासते व काही महिन्यांत कंप परत येतो. डोलाचे कारण तसेच राहिलेले असते. हबच्या बैठकीवरील गंज किंवा वाळलेला चिखल, सैल बेअरिंग आणि एका बाजूने क्रमाने आवळलेले चाकाचे नट ही त्याची नेहमीची कारणे होत. जंगलवाटांवर व नदीपात्रांतून जाणाऱ्या गाड्यांत पहिले कारण विशेष आढळते.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. लांब घाट उतरून आल्यावर गाडी थांबवून पेडल घट्ट दाबून ठेवल्यास तापलेल्या पॅडातील द्रव्य डिस्कवर एकाच जागी चिकटते. तापमान फार वाढल्यास बिडाच्या डिस्कवर सिमेंटाइटाचे कठीण ठिपके तयार होतात. ते आजूबाजूच्या धातूइतके झिजत नसल्याने कालांतराने उंचवटे बनतात. वरवर घासल्याने ते पूर्णपणे जात नाहीत. अशा वेळी डिस्क बदलणेच इष्ट.

ड्रमच्या बाबतीत दोष असतो तो दीर्घवर्तुळाकारतेचा. तापलेल्या ड्रमवर हातब्रेक ओढून गाडी उभी केल्यास थंड होताना आकुंचन पावणारा ड्रम शूंवर आवळला जातो व त्याची गोलाई बिघडते. जुन्या महिंद्र सीजे-३ बी सारख्या जीपगाड्यांत चारही चाकांना ड्रमच असल्याने तेथे डिस्कचा शोध घेण्याचे कारण नाही.

चौचाकी चालनामुळे निदानात एक गुंतागुंत येते. पुढील चालन जोडलेले असताना दोन्ही आस ट्रान्सफर केसद्वारे एकमेकांस बांधले जातात व एका आसावरील ठोका दुसऱ्यावरही उमटतो. म्हणून चाचणी दुचाकी चालनात आणि पुढील हब सोडता येत असतील तर ते सोडूनच घ्यावी. हब जोडल्यावरच थरथर येत असेल, तर ब्रेकऐवजी पुढील अर्धदंड वा प्रॉपेलर शाफ्टचे सांधे तपासावे. प्रॉपेलर शाफ्ट चाकाच्या कित्येक पट वेगाने फिरत असल्याने ही थरथर बारीक व जलद असते. पेडलाबरोबर सुकाणूचक्रही हलत असल्यास दोष पुढील चाकांत, तर आसनाखाली कंप जाणवल्यास तो मागील ड्रममध्ये असण्याचा संभव अधिक. मागील ड्रमची खातरजमा करण्यासाठी निर्मनुष्य सरळ रस्त्यावर ताशी ३० किमी. वेगाला हातब्रेक, त्याची कळ दाबून धरून, हळूहळू ओढतात. विलीज जीप व लँड रोव्हरच्या जुन्या मालिकांत मात्र हातब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसमागील शाफ्टवर असतो. तेथे ही चाचणी केल्यास शाफ्ट व दंतचक्रे यांना हानी पोहोचते, त्यामुळे ती कदापि करू नये. पेडल स्थिर असून गाडी मात्र उसळत थांबत असेल, तर कमानपाट्यांचे यू बोल्ट व शॅकलचे बुश पाहावे. सैल पाट्यांमुळे ब्रेक लावताना संपूर्ण आस पिळवटतो.

कार्यशाळेत चाक जॅकवर उचलून वर व खाली धरून हलवितात. खेळ जाणवल्यास दुसऱ्याने पेडल दाबावे. पेडल दाबताच खेळ नाहीसा झाला, तर बेअरिंग सैल आहे. तो तसाच राहिला, तर किंगपिनाचे बेअरिंग झिजले आहे, कारण कॅलिपर किंगपिनाभोवती वळणाऱ्या भागावरच बसविलेला असतो आणि ब्रेक लागला की हब त्या भागाशी एकजीव होते. बेअरिंग बसवून झाल्यावरच डायल गेजने डोल मोजावा. आधी मोजल्यास बेअरिंगचा खेळ डिस्कच्या नावावर मांडला जातो. जाडी मायक्रोमीटरने कडेपासून सु. १० मिमी. आत, समान अंतरावरील आठ ठिकाणी मोजतात. डोलाची मर्यादा बहुतेक निर्माते ०.०५ ते ०.१५ मिमी.च्या दरम्यान देतात.

डिस्क घासावयाची झाल्यास दोन्ही पृष्ठे एकाच बैठकीत घासावी. त्यावर कोरलेल्या किमान जाडीखाली ती जाणार असेल, तर घासू नये. पातळ डिस्कची उष्णता साठविण्याची क्षमता कमी झाल्याने घाटात ब्रेक निकामी होण्याचा धोका असतो, आणि तो कंपापेक्षा कितीतरी गंभीर आहे. नवी डिस्क बसविताना हबची बैठक तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करतात, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळघट्टी मोजणाऱ्या पान्याने आवळतात आणि सु. १०० किमी. चालविल्यानंतर पुन्हा तपासतात. नवे पॅड रुळविण्यासाठी ताशी ५० किमी. वेगावरून १० किमी.पर्यंत मध्यम दाबाने सु. दहा वेळा गाडी मंद करतात. मध्ये ब्रेक थंड होऊ देतात व या काळात गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून धरीत नाहीत.