मुकादम, तांडेल आणि चेअरमन : माणसं कोणाचं मनापासून ऐकतात?



सुरत जिल्ह्यातल्या चलथाणला दर्या नाही. तिथे ऊस आहे आणि सहकारी साखर कारखाना आहे. तरी ही गोष्ट आपल्याही कामाची आहे, कारण तिथेही टोळी असते, उचल असते आणि टोळी चालवणारा एक माणूस असतो.

दिवाळीच्या सुमारास धुळे, नंदुरबार, डांगकडची कुटुंबं दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. दोघांची जोडी म्हणजे एक कोयता. पावसाळ्यात घरात तंगी आली की मुकादम उचल देतो, ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. मजुरी टनावर, मुकादमाचं कमिशनही टनावर. माणसं त्याचं ऐकतात, पण बांधलेली असतात म्हणून.

आपला तांडेल वेगळा. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, हे तोच ठरवतो. वादळात तो मतं विचारत बसत नाही, आणि बसूही नये. पण तो त्याच बोटीत असतो. वाट्याची पद्धत असेल तर मासळी कमी आली की त्याचाही वाटा कमी. म्हणून त्याचा हुकूम कुणाला टोचत नाही.

तिसरा सोसायटीचा चेअरमन. सभेत ट्रॉलरवाल्याचं एक मत, छोट्या होडीवाल्याचंही एकच. तिथे दमदाटी चालत नाही. पण प्रत्येक वेळी "तुम्हीच बघा" म्हणणारा चेअरमन असला, तर डिझेल-बर्फाचा हिशेबही लागत नाही.

१९३९ साली कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लहान मुलांच्या गटांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हुकूमशाही करणारा म्होरक्या खोलीबाहेर गेला की मुलांचं काम ढिलं पडायचं. विचारून काम करवणारा बाहेर गेला तरी काम चालू राहायचं.

आता आपल्याकडे बघू. खलाशांना हंगामाआधी उचल आपणही देतो. मालक किनाऱ्यावर असतो आणि फोनवरून सांगतो, "अजून एक दिवस थांबा." उचलीखाली दबलेला खलाशी "हवा बरी नाही, परत फिरूया" असं बोलेल का? नोव्हेंबर २००९ मध्ये फयान कोकण किनाऱ्यावर आलं, तेव्हा कितीतरी घरांतली माणसं परतली नाहीत. दर्यात न बोललेली एक गोष्ट फार महाग पडते.

म्हणून आमचं मालकांना आणि तांडेलांना एवढंच सांगणं :

• उचलीचा हिशेब लिहून ठेवा, खलाशाला वाचून दाखवा.
• वायरलेस आणि जीपीएस तांडेलाशिवाय आणखी एकाला तरी शिकवा.
• हवामानाचा इशारा आला की परतण्याचा निर्णय तांडेलाचा. त्यासाठी कुणाचाही वाटा कापू नका.
• बंदराला लागल्यावर सगळ्यांना बसवून विचारा, काय चुकलं?

वादळात हुकूम आणि बंदरात विचारपूस, दोन्ही जमतं तोच खरा तांडेल.